शालिग्राम फिटर आणि मधला जोड

शालिग्राम फिटरनं माझ्या छातीला काठी लावली, तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. धरणावरच्या कचेरीत मी कारकून म्हणून नुकताच हजर झालो होतो. ट्रंक अजून दारातच होती. समोरून एक ठेंगणा खाकी माणूस आला, हातभर लांबीची वेळूची काठी त्यानं माझ्या छातीवर टेकवली, दुसरं टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा. मग काठी काढून तो गंभीरपणे म्हणाला, "इंजन बरोबर हाये बाबूजी. सायलेन्सर खराब हाये. बिडी कमी करा."

मी बिडी ओढतो हे बुलढाण्यात माझ्या वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं.

ही काठी म्हणजे त्याचं अर्धं शरीर होतं. खामगावच्या जिनिंग फॅक्टरीत वीस वर्षं यंत्रांचे बेअरिंग ऐकून ऐकून त्याला ही सवय लागली होती. काठीचं टोक तेलात माखलेलं असायचं, त्यामुळे त्याचा उजवा कान कायमचा काळा झाला होता आणि डावा गोरा राहिला होता. सगळे त्याला शालिकभाऊ म्हणत, आणि लांबून येणारा माणूस शालिकभाऊ आहे की नाही हे आम्ही कानावरून ओळखत असू. तो पिठाची गिरणी ऐकायचा, शिवणयंत्र ऐकायचा, एस. टी. थांबली की बॉनेटला काठी लावून ड्रायव्हरला न मागितलेला सल्ला द्यायचा. एकदा कचेरीच्या माठालाही त्यानं काठी लावली होती. माठ झिरपतो की कोणी चोरून पाणी नेतं, हे त्याला ऐकायचं होतं.

काठीच्या खालोखाल त्याचा जीव एका गोष्टीवर होता. तिला तो 'मधला जोड' म्हणत असे.

"कोन्तंही यंत्र अडलं ना बाबूजी, तं इंजनाले शिव्या देऊ नका. मधला जोड सोडा. अर्ध यंत्र इकडं, अर्ध तिकडं. मंग एकेक बाजू हालवून पाहा. जे अर्ध हालत नाही, बिघाड त्याच्यात. इतकं सोपं हाये!"

यंत्रापुरतं हे ठीक होतं. पण शालिकभाऊ माणसांचेही मधले जोड सोडत असे. आमचे दोन शिपाई एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा त्यानं साहेबांना गळ घालून एकाला आठ दिवस रजेवर पाठवलं. दुसरा शिपाई त्या आठ दिवसांत माझ्याशीही भांडला, चहावाल्याशीही भांडला. "पाहा, बिघाड या बाजूले व्हता," शालिकभाऊ आनंदानं म्हणाला. माझं पोट दुखू लागलं तर त्यानं मला दोन दिवस फक्त सकाळचं जेवायला लावलं आणि दोन दिवस फक्त रात्रीचं. बिघाड रात्रीच्या बाजूला निघाला. रात्रीचा ठेचा मी स्वतः करत असे.

पण शालिकभाऊची नेमणूक होती ती लाँचवर, आणि खरी गोष्ट लाँचचीच आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. धरण नवं होतं, पाणी नवं होतं, आणि एवढ्या पाण्यावर खात्याची एक मोटारलाँच असावी असं वर कोणाच्या तरी मनात आलं. ती मुंबईहून आली, पण नवी नव्हे. तिकडे बरीच वर्षं समुद्रात भिजून, खारं पाणी पिऊन, उतारवयात ती ट्रकवर बसून आमच्याकडे आली. गावातल्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. खात्याचा वाहनांचा छापील तक्ता माझ्याकडे आला, त्यात 'टायरांची संख्या' असा रकाना होता. धक्क्याला घासू नये म्हणून लाँचच्या कडेला चार जुने टायर टांगले होते, म्हणून मी चार लिहिले. वरून कोणीही हरकत घेतली नाही.

या लाँचचं इंजिन तिच्या पोटात होतं आणि मागच्या बाजूनं एक लोखंडी पाय पाण्यात सोडलेला होता. त्या पायातच गिअर आणि पायालाच पंखा. कागदोपत्री त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. शालिकभाऊ त्याला 'तंगडी' म्हणायचा, मग साहेबांच्या टिपणातही तंगडीच आली. चाकाशेजारी एक दांडा होता. तो पुढे टाकला की लाँच पुढे, मागे ओढला की मागे, आणि मध्ये ठेवला की न्यूट्रल, म्हणजे इंजिन चालू पण पंखा सुटा. दांड्यापासून तंगडीपर्यंत नळीतून एक तार गेलेली होती. तीच गिअर बदलायची.

पहिल्या दिवशी आमच्या त्या वेळच्या साहेबांनी दांडा हळूच, जपून पुढे सरकवला. तंगडीतून अशी करकर निघाली की काठावरची बगळ्यांची रांग उठून गेली.

"हळू नाही, साहेब!" शालिकभाऊ ओरडला. "हळू टाकाल तं दाताले दात घासते. एकदम टाका! गिअर अन् लग्नाचा होकार अर्धाअर्धा द्याचा नसते."

मग त्यानं स्वतः खटकन दांडा टाकला आणि लाँच निघाली. चारसहा महिने बरी चालली. पुढे दांडा जड होत गेला, आणि एके दिवशी लाँच पुढच्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. इंजिन सुरू केलं की ती निघणार, आणि थांबवायची तर इंजिनच बंद करायचं. अलीकडच्या काठाला पक्का धक्का होता, तिथं इंजिन बंद करून टायरांवर आदळता येत असे. दोन माणसं मग दोरानं तिचं तोंड फिरवून ठेवत. पण पलीकडे खैरखेडच्या बाजूला नुसता गाळ. पहिल्याच दिवशी लाँच त्या गाळात तोंड खुपसून बसली. रिव्हर्स नसल्यामुळे बाहेर येईना. चार बैलजोड्या लावून ती संध्याकाळी ओढून काढली.

दिवसभर शालिकभाऊ लाँचमध्येच बसून होता. काठ दहा पावलांवर, पण उतरला नाही. पलीकडच्या बांधाचा चौकीदार तुळशीराम, त्यानं गावातून भाकर आणून दिली. ती शालिकभाऊनं लाँचमध्येच खाल्ली आणि म्हणे, "मीठ बरोबर हाये," एवढंच बोलला. आम्हाला वाटलं, काय ही कर्तव्यनिष्ठा!

तेव्हापासून नियम झाला की पलीकडे थांबायचं नाही. दुपारी चार वाजता लाँच निघायची, खैरखेडच्या काठाजवळून मोठा वळसा घालायची आणि परत यायची. पलीकडच्या बांधाची खबर रोज यायला हवी होती, म्हणून तुळशीराम काठानं लाँचबरोबर धावत धावत ओरडून अहवाल द्यायचा. डाक आम्ही तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून त्याच्याकडे फेकत असू. त्याचा नेम चांगला होता, आमचा नव्हता. खात्याची काही पत्रं अजून त्या तळ्याच्या तळाशी असतील.

दुरुस्तीचं विचारलं की शालिकभाऊचं उत्तर ठरलेलं होतं. "तंगडीतली तार मुंबईहून आणा लागते बाबूजी. पार्ट येऊन राह्यला." असा तो पार्ट तीन वर्षं येत होता. एवढा कसबी माणूस, खामगावची चांगली नोकरी सोडून या आडबाजूच्या धरणावर मागून घेऊन आलेला, आणि त्याला एक तार बदलता येऊ नये! मला खरं तर त्याची थोडी कीव यायची.

एकदा सहज म्हणून मी त्याच्याबरोबर फेरीला गेलो. खैरखेडचा काठ जवळ आला तशी त्यानं लाँच मंद केली. टोपी नीट बसवली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. काठावर एका काळ्या दगडाशी एक बाई लुगडं धूत होती. लुगडं आधीच स्वच्छ दिसत होतं, पण ती ते पुन्हापुन्हा बुचकळत होती. शालिकभाऊ ताठ बसून समोर बघत राहिला. बाईनंही मान वर केली नाही. लाँच पुढे गेल्यावर मी विचारलं, "कोण हो त्या?"

"धुनं धुते कोनी," तो म्हणाला आणि इंजिनाला काठी लावून बसला.

खरं काय ते मला तुळशीरामनं सांगितलं. बाजाराच्या दिवशी तो कचेरीत यायचा, आणि रोज धावत बोलायची सवय असल्यामुळे बसल्या जागीही ओरडूनच बोलायचा. "थे शालिकभाऊची घरची हाये ना बाबूजी! कौसल्याबाई! खैरखेड तिचं माहेर!"

सात वर्षांपूर्वी खामगावला शालिकभाऊच्या घरात सासू-सुनेचं पटेनासं झालं. शालिकभाऊनं काय केलं असेल? मधला जोड सोडला. बायकोला म्हणाला, पंधरा दिवस माहेरी जाऊन राहा, पाहू बिघाड कोणत्या बाजूला आहे. ती गेली. पंधरा दिवस घरात भांड्याला भांडं लागलं नाही. शालिकभाऊनं निष्कर्ष काढला की बिघाड तिकडच्या बाजूला. तिला आणायला तो गेलाच नाही. वर्षभरानं आई वारली. मग घरात एकटा शालिकभाऊ उरला, आणि तरीही घर अडूनच राहिलं. आता दोष द्यायला दुसरी बाजूच नव्हती.

आमच्याकडची रीत अशी की माहेरी गेलेली बाई आपण होऊन परत येत नाही. सासरचं माणूस न्यायला यावं लागतं, नाहीतर तिचा मान राहत नाही. तिकडे कौसल्याबाई कोणी येण्याची वाट बघत होती. इकडे शालिकभाऊला वाटत होतं, आता कोणत्या तोंडानं जावं. खैरखेडसमोरच्या धरणावर लाँच येणार आहे आणि तिला फिटर हवा आहे, हे कळल्याबरोबर त्यानं अर्ज केला होता. हे ऐकून मला त्याची कीव आली नाही, रागच आला. सात वर्षं म्हणजे काय थट्टा आहे!

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे नवे साहेब आले. पुण्याचे, तरुण, सभ्य, आणि घड्याळाकडे बघून बोलणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लाँचची फेरी पाहिली. तुळशीराम धावताना पाहिला, डबा उडताना पाहिला. हसले नाहीत. कचेरीत येऊन त्यांनी मला टिपण सांगितलं: सोमवारी चाचणी होईल. लाँच पुढे, मागे आणि न्यूट्रल अशी तिन्ही गिअरांत चालली पाहिजे आणि खैरखेडला थांबून परत आली पाहिजे. न जमल्यास भंगारात काढावी, आणि फिटरला खात्याच्या खामगावच्या वर्कशॉपला पाठवावं.

टिपण मीच शालिकभाऊला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काठीचं टोक फडक्यानं पुसत बसला. मग म्हणाला, "बाबूजी, लाँच भंगारात गेली, तं च्यार वाजता तिकडं कोन जाईन?"

मी टिपण घडी करून फायलीत ठेवलं.

"रविवारी मोकळे हा का?" त्यानं विचारलं. "पंखा फिरवाले एक मानूस लागन."

रविवारी सकाळी आम्ही लाँच उतारावर ओढून घेतली. शालिकभाऊनं मला तंगडीमागे बसवलं आणि दोन्ही हातांनी पंखा धरायला लावला. "मी दांडा टाकतो, तुम्ही पंखा हळूहळू फिरवा. गिअरचे दात फिरल्याबिगर एकमेकांत बसत नाहीत." तो दांडा हलवत होता, मी पंखा फिरवत होतो, आणि पंखा एकाच बाजूला अडत होता. मग त्यानं मधला जोड सोडला. दांड्याकडची तार वेगळी, तंगडीकडची तार वेगळी. दांड्याकडची लोण्यासारखी हालली. तंगडीकडची त्यानं पक्कडीत धरून ओढली, तर तसूभरही सरकली नाही. आत खाऱ्या पाण्याचा गंज चढून ती नळीला चिकटली होती. हा सगळा तपास अर्ध्या तासाच्या आत संपला.

"म्हणजे तार बदलावी लागणार," मी म्हणालो. "उद्या चाचणी, आणि तार मुंबईला!"

शालिकभाऊ आपल्या खोलीत गेला आणि पेटीतून एक गुंडाळी घेऊन आला. मेणकापडात बांधलेली, नवीकोरी तार. बांधणीच्या सुतळीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. दोन वर्षांपूर्वी आलेलं ते पार्सल मीच नोंद करून त्याच्या हातात दिलं होतं, आणि विसरून गेलो होतो.

"शालिकभाऊ, अहो ही तार दोन वर्षं तुमच्यापाशी आहे? मग बसवली का नाही?"

तो तारेला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बसवली असती तं थांबा लागलं असतं ना, बाबूजी."

एवढं बोलून त्यानं मला पाना मागितला. मला फार वाईट वाटलं. मी पाना दिला.

जुनी तार उपटताना त्याच्या हाताची सालटी निघाली. नवी तार नळीतून घातली, टोकं बसवली, मधला जोड जुळवला. मग त्यानं तारेची लांबी बेतायला घेतली. टोकाच्या नटाचा एक आटा पुढे, पुन्हा मी पंखा फिरवून बघायचा, एक आटा मागे, पुन्हा पंखा. दांडा पुढे असताना पंखा एका बाजूला अडायला हवा, मागे असताना दुसऱ्या बाजूला. आणि दांडा मध्ये असताना तो दोन्हीकडे सुटा फिरायला हवा. बाराएक वेळा तरी आम्ही हे केलं असेल. शेवटी तो म्हणाला, "आता फिरवा," आणि पंखा माझ्या बोटांखाली इकडेही फिरला, तिकडेही फिरला.

"न्यूट्रल," शालिकभाऊ म्हणाला.

सोमवारी चार वाजता साहेब, मी आणि शालिकभाऊ निघालो. शालिकभाऊनं दाढी केली होती आणि उजवा कान घासून घासून लाल केला होता. खैरखेडचा काठ आला. तुळशीराम नेहमीच्या जागी धोतर खोचून तयार होता. लाँच दिसल्याबरोबर तो धावत सुटला आणि ओरडू लागला, "बांध बरोबर हाये! पानी झिरपत नाही!" शालिकभाऊनं दांडा खटकन मध्ये आणला. पंखा सुटला. लाँच आपल्या वेगानं अलगद सरकत काठाशी येऊन उभी राहिली. तुळशीराम मात्र सवयीनं शंभर पावलं पुढे निघून गेला, आणि मागे वळून पाहताना गाळात बसला.

"छान," साहेब म्हणाले. "आता रिव्हर्स दाखवा."

दगडाशी ती बाई उभी होती. हातात ओलं लुगडं. शालिकभाऊचा हात दांड्यावर होता. तो दांडा मागे ओढतो की काय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

"आधी उतरून येतो, साहेब," तो म्हणाला.

"कशासाठी?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. पण तोवर शालिकभाऊ बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरला होता. गाळातून पाय ओढत तो दगडापाशी गेला आणि काठी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. इंजिन न्यूट्रलमध्ये हळू चालत होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

कौसल्याबाईनं विचारलं, "बिघाड सापडला का?"

"सापडला."

"कोन्या बाजूले व्हता?"

"माह्या," शालिकभाऊ म्हणाला. "माह्याच बाजूले व्हता."

तिनं लुगडं पिळायला घेतलं. पिळून झालं तरी पिळतच राहिली. मग म्हणाली, "सात वर्सं लागले तुमाले पाह्याले." आणि थोड्या वेळानं, "दादाले सांगा लागन. भावजयीले ओटी भरा लागन. असं उभ्या उभ्या नाही येता येत." दगडावरचं बाकीचं धुणं गोळा करता करता ती पुढे म्हणाली, "उद्या या. अन् थांबजा."

शालिकभाऊ परत आला. दांडा एकदम मागे टाकला. करकर नाही, काही नाही, लाँच गाळातून सरळ मागे आली. साहेबांनी वहीत 'तिन्ही गिअर समाधानकारक' असं लिहिलं, आणि मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर शालिकभाऊनं एका हातानं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं काठीचं एक टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं. दुसरं टोक माझ्यापुढे केलं.

"जरा आयका बाबूजी," तो म्हणाला. "माह्या कानाले पुरत नाही."

मी काठी कानाला लावली. इंजिनातलं मला काही कळत नाही. पण आत धडधड इतकी जोरात चालली होती, की लाँचच्या इंजिनाचा आवाज मला ऐकूच येईना.

"बरोबर आहे, शालिकभाऊ," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि काठी परत घेतली. पुढे धक्का दिसत होता. त्यानं दांडा न्यूट्रलला आणला आणि लाँच टायरांना न आदळता लागली.